‘मेड इट अप’ म्हणजे काय

१२ जाने., सोम.
मिहिरचं सामान अजून हॉलमध्येच. शनिवारी लीड्सहून आला, तेव्हापासून आज उघडतो, उद्या उघडतो चाललंय. ऑफिसनं वर्षभरासाठी बंगळूरला पाठवलंय म्हणतो. हे खूश. सकाळीच पिशवी घेऊन आठव्या क्रॉसच्या बाजारात गेले, अवरेकाईच्या, आपल्या पावट्याच्या, शेंगा घेऊन आले. बाप-लेकांनी टीव्हीसमोर बसून सोलल्या. शेंगा कमी, गप्पा जास्त. ऐकायला बरं वाटत होतं.
मी विचारलं, "हॅना कधी येणार?"
"बघू."
"तिच्या शाळेला सुट्टी कधी लागते?"
"आई, बघू म्हटलं ना."
लग्नाला तीन वर्षं झाली. सुनेचं नाव काढलं की आधी त्याचा चेहरा उजळायचा. मला चिडवायचा सुद्धा, तुझी मैत्रीण म्हणून. आज शेंगांची टरफलं उचलून आत गेला.

१४ जाने., बुध. संक्रांत
वरच्या मजल्यावरच्या वत्सलाअक्का एळ्ळु-बेल्ला घेऊन आल्या. तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे. मी आपले तिळाचे लाडू दिले. अक्कांचं घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या इथलंच. बोलता बोलता कानडी कधी सुरू होतं, त्यांनाही कळत नाही.
"सून कुठं गं? एकटाच आला काय तो?"
तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलंय, म्हटलं. खोटं नाही ते. डिसेंबरातच पडल्या. पण मी सांगितलं ते जरा घाईनं सांगितलं. अक्कांच्या लक्षात आलं असावं. "सरी, बरं," म्हणाल्या आणि डबा पुढं केला.

१६ जाने., शुक्र.
सं. वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले. मि. तिथंच, फोनवर, पाठ माझ्याकडे. "आय विल मेक इट अप टू यू. आय प्रॉमिस." मग बराच वेळ नुसता ऐकत होता. नंतर लक्षात आलं, ऐकत नव्हता. पलीकडे कुणी नव्हतंच, फोन कानाला तसाच.
कपडे न काढताच परत आले.
मेक इट अप टू यू. शब्द सगळे ओळखीचे, पहिलीतल्या पोरालाही येतील. एकत्र आले की माझी दांडी गुल. जन्मभर इंग्रजीतून गणित शिकवलं, पण ते इंग्रजी प्रमेयांचं. हे अप, आउट, ऑफवालं वेगळंच.

१८ जाने., रवि.
आज फोन येणार नाही असं धरून चालले होते. वेळेवर आला.
रविवारचा आमचा तास लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सुरू झाला. हॅना मला एक इंग्रजी प्रयोग शिकवते, मी तिला एक मराठी. ती प्राथमिक शाळेत शिकवते, मी शाळेतूनच निवृत्त. दोन मास्तरणी. एकमेकींच्या चुका काढण्यात दोघींनाही संकोच नाही.
मि. आतल्या खोलीत, दार लोटलेलं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
म्हटलं, आज मला ‘मेक अप’ पाहिजे. ती हसली. पावडर-लिपस्टिकवालं? ते नको, ते येतं. पुढचं सांग. मग तिनं हातात खडू असल्यासारखं सांगितलं. मेक अप अ स्टोरी म्हणजे गोष्ट रचणं, काहीतरी बनवून सांगणं. मेक अप द बेड म्हणजे अंथरूण नीट घालणं. मेक अप युवर माइंड, मनाशी पक्कं ठरवणं. मेक अप फॉर लॉस्ट टाइम, गेलेला वेळ भरून काढणं. क्रियापद एकच, घरात मात्र पाच कामं करतं. आपल्या ‘लागणे’सारखं. भूक लागते, फोन लागतो, ठेच लागते.
"आणि मेक इट अप टू यू?"
ती थांबली. "कुणाला दुखावलं असेल तर त्याची भरपाई करीन, असं म्हणणं." मग, "आई, तुम्ही हे कुठं ऐकलंत?"
"असंच. कुठंतरी."
"आय सी."
अजून एक अर्थ राहिलाय म्हणाली, तेवढ्यात आतून तिच्या आईनं हाक मारली. वॉकर धरून उठवावं लागतं त्यांना. माझा मराठी शब्द राहूनच गेला.

२१ जाने., बुध.
मि.नं सांगितलं. मेथी निवडत होते, समोर येऊन बसला, एक जुडी ओढली. पानांबरोबर देठंही पातेल्यात टाकत होता.
बदली खरी. पण त्यानंच मागून घेतली. गेल्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तो विमानाचं तिकीट मिळेपर्यंत तिकडे घालमेलीत होता, तेव्हापासून डोक्यात होतं म्हणे. अर्ज केला, मंजूर झाला, मग हॅनाला सांगितलं. मंजूर झाल्यावर. आणि त्याच आठवड्यात तिची आई पडली.
"आधी का नाही विचारलंस तिला?"
"नाही म्हणाली असती."
"मग?"
"मग काय. मला ‘नाही’ ऐकायचं नव्हतं."
ती म्हणाली, तुला जायचंय तर जा.
राग आला त्याचा. आणि पूर्ण येईना. आला तो आमच्याचसाठी. दोघांच्या घरात जी तेढ आलीय ती आमच्या नावानं आलीय, हे कळल्यावर रागवायचं कुणावर...
मेथीची भाजी कडू झाली. देठांमुळं असेल.

२३ जाने., शुक्र.
ह्यांना सांगितलं. चष्मा पुसत राहिले. मग, "म्हणजे माझ्या छातीचं दुखणं त्यांच्या घरात गेलं."

२५ जाने., रवि.
फोन नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. चार वाजल्यापासून हॉलमध्येच होते. मी करावा का? नवऱ्याची आई म्हणून केला तर तिला वाटेल मुलाची बाजू घेऊन आले. रविवारची मास्तरीण म्हणून केला तर ते ढोंग.
केला नाही.

१ फेब्रु., रवि.
आला. "गेल्या रविवारी नाही जमलं. सॉरी." आणि पुढच्याच वाक्यात, "आई, मी मिहिरबद्दल बोलायला फोन करत नाही. चालेल ना?"
चालेल म्हटलं. मीसुद्धा निरोप्या होणार नाही, इकडचं तिकडे करणार नाही. निरोप्या म्हणजे काय, विचारलं. सांगितलं. शब्द तिला फार आवडला, दोनदा म्हणून पाहिला.
मी तिला ‘मिटणे’ दिला. डोळे मिटतात, छत्री मिटते, चिंता मिटते, भांडण मिटतं. तिनं लिहून घेतलं. "म्हणजे झोप आणि समेट एकाच शब्दात?" तसंच काहीसं, म्हटलं.
आईचं विचारलं. खोलीतल्या खोलीत चालतात आता. रात्री मात्र भीती वाटते, म्हणून हॅना बहुतेक दिवस त्यांच्याचकडे झोपते. एकुलती एक.
फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. मिटलं काहीच नाही, पण आमचा रविवार तरी वाचला.

६ फेब्रु., शुक्र.
संकी टँकला फिरायला बाप-लेक दोघंच गेले. एरवी मी असते. आज हेच म्हणाले, तू नको येऊ.
परत आल्यावर मि. अंघोळीला गेला, तेव्हा विचारलं, काय बोललात?
"म्हटलं, तू इथं असलास की मला बरं वाटतं. रोज वाटतं. पण माझी औषधं चालू आहेत, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत, तुझी आई आहे. तिकडं त्या बाईंना कोण आहे? एक मुलगी. त्या मुलीला कुणी विचारलं?"
"मग?"
"चालत राहिला. तळ्याची फेरी पूर्ण झाली तेव्हा म्हणाला, बाबा, तुम्ही मला जा म्हणताय का? म्हटलं, जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तिला विचार म्हणतोय. आता तरी."
इतकी वाक्यं एका दमात माझ्या वाट्याला वर्षातून एकदा येतात. नोकरीत असताना कारखान्यात माणसं ह्यांचं ऐकायची ती का, ते आज कळलं.

१० फेब्रु., मंगळ.
मि. दार लावून फोनवर. सलग चौथा दिवस. एरवी कामाच्या फोनवर खोलीभर फिरतो, आता फिरल्याचा आवाज येत नाही. बसून बोलतो. दारावरून जाताना मी मुद्दाम पाय वाजवत जाते. चोरून ऐकत नाही हे त्याला कळावं म्हणून. हे हसले मला.

१२ फेब्रु., गुरु.
मि. मैसूरला गेला, ऑफिसच्या लोकांबरोबर. सोमवारी येईल. जाताना चेहरा बरा होता. की मलाच तसा बघायचा होता...

१३ फेब्रु., शुक्र.
दु. हॅनाचा फोन. शुक्रवारी कधी करत नाही. शाळेला जाताना आगगाडीत होती, मागं खडखडाट. आवाज जड, घोगरा.
"आई? वी हॅव मेड इट अप. आय वॉन्टेड टू टेल यू मायसेल्फ, बिफोर..."
गेला. परत लावला, बंद. पुन्हा बंद.
मेड इट अप. रचलं. बनवून सांगितलं. काय बनवून सांगितलं?
संध्याकाळभर तेच. डोक्यात जे आलं ते लिहूनच टाकते. बदली वगैरे काही नाही. दोघं कधीचे वेगळे झालेत. ह्यांच्या हृदयाला धक्का बसू नये म्हणून बदलीची गोष्ट दोघांनी मिळून रचली. मि. घरूनच तर काम करतो. ऑफिस के. आर. पुरमच्याही पुढं आहे म्हणतो, मी त्याला तिकडं जाताना पाहिलं ते दोनदा. मेथी निवडताना सांगितलं तेही मग... आणि आता तिला ते खोटं सोसेना, म्हणून स्वतः सांगायला फोन केला. ‘बिफोर’. त्यानं सांगायच्या आधी.
सगळं जागच्या जागी बसतं. तेच वाईट.
ह्यांना काही बोलले नाही. आमटी खारट झाली. मुकाट जेवले.

१४ फेब्रु., शनि.
झोप नाही. सकाळी कपाटातला जाडा शब्दकोश काढला. मेक अपखाली पाऊण रकाना. रचणे आहे, भरून काढणे आहे. आणि अगदी तळाशी, समेट करणे, भांडण मिटवणे. मेक इट अप, याच अर्थी.
त्या दिवशी राहिला तो अर्थ हाच असणार.
म्हणजे वाक्य तेच. एकदा वाचलं की संसार मोडला, एकदा वाचलं की सांधला. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं आली की मुलांना सांगायचे, दोन्ही मूळ समीकरणात घालून बघा, बसत नाही ते सोडा. घालून बघितली. दोन्ही बसतात. आवाज घोगरा होता. रडली असणार. पण समेट झाल्यावरही माणूस रडतो की. ‘स्वतः सांगायचं होतं.’ बरी बातमीही माणूस स्वतः सांगतो.
तिचा फोन अजून बंद. मि.ला लावता येतो. हातात घेतला दोनदा, ठेवून दिला.
दु. अक्कांकडे वर गेले. न ठरवता सगळं बोलून टाकलं.
"मुलाला विचार की सरळ."
"आणि वाईट निघालं तर?"
"तर वाईट निघालं. तू विचारली नाहीस म्हणून चांगलं होणार काय ते?"
कॉफी गाळत होत्या. पाठ माझ्याकडं तशीच ठेवून म्हणाल्या, "माझ्या थोरलीचं मोडलं ना, तेव्हा मी पण अशीच गप बसले. तिला वाटलं अम्माला राग आला. महिनाभर तिकडंच एकटी रडली पोर."
हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांचा शेजार, आणि थोरली पुण्याला असते एवढंच मला माहीत. कॉफी घेतली, कप विसळून ठेवला.
निघताना म्हणाल्या, "स्वल्प दम खा. उद्या रविवार. ती करते बघ. नाही केली तर तू कर. पण कर."

१५ फेब्रु., रवि.
आज सगळं नीट लिहायचंय.
चारला फोन आला. चेहरा दिसला, नाक लाल. मी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. एकदम, "हॅना, मेड इट अप म्हणजे काय? काय रचलं तुम्ही?"
"काय?"
"शुक्रवारी म्हणालीस ना. वी हॅव मेड इट अप. काय रचलं?"
ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठून उभी राहिली, पडद्यावर नुसता निळा स्वेटर. "ओ नो. ओ, आई. नो, नो." परत खाली बसली आणि मराठीत सुरू झाली. एकेक शब्द शोधून. "आम्ही... भांडण... पुसलं."
"मिटलं," मी म्हटलं. सवयीनं.
"मिटलं. हो. भांडण मिटलं, आई."
मला बोलताच येईना. तिला वाटलं फोन अडकला. "आई? कॅन यू हिअर मी?" येतंय ऐकू, म्हटलं. येतंय.
आवाज घोगरा तो सर्दीनं. फोन बंद, कारण गाडी बोगद्यात शिरली, आणि उतरायच्या गडबडीत ती फोन सीटवरच विसरली. काल संध्याकाळी स्टेशनवरून परत मिळाला. आणि ‘बिफोर’? "मिहिर सांगायच्या आधी. कारण तो सगळं दोन शब्दांत सांगतो." खरंय ते.
विचारलं, मग तुम्हा लोकांना कसं कळतं यातला कुठला अर्थ? तिनं मनापासून विचार केला. मेड इट ऑल अप म्हटलं असतं तर थापा मारल्या. मेड इट अप, आणि बोलणाऱ्या दोघांचं आधी भांडण असेल, तर समेट. बाकी चेहरा बघून.
"आणि चेहरा नसेल तर?"
"तर असं होतं," म्हणाली. नाक पुसलं.
मग मीच विचारलं, ठरलं काय? निरोप्या होणार नाही म्हटलं होतं, पण ती आपणहून सांगत होती. ठरलं काहीच नाही. कुठं राहायचं ते अवघड आहे, सोपं होईल असं दोघांनाही वाटत नाही. एवढंच ठरलंय की यापुढं कुणी एकट्यानं ठरवायचं नाही. त्यानं माफी मागितली. नीट मागितली, म्हणाली. कारणं न जोडता. ह्यांचं ऑपरेशनसुद्धा मध्ये आणलं नाही.
ईस्टरच्या सुट्टीत इकडं यायचं म्हणते. तिची मावशी येऊन आईजवळ राहायला तयार आहे.
फोन ठेवून ह्यांना सगळं सांगितलं. दोन दिवसांचंही.
"म्हणून आमटी खारट होती."
"तेव्हा का नाही बोललात?"
"तू बोलली नाहीस."
शिरा केला. सढळ तुपातला. ह्यांना चमचाभरच. वाटी घेऊन अक्कांकडं गेले. दार उघडून तोंडाकडं बघितलं माझ्या आणि म्हणाल्या, "हं. आत ये." बराच वेळ बसले. या वेळी थोरलीचं मी विचारलं. सांगितलं त्यांनी. बरी आहे आता. शाळेत नोकरी करते, पुण्यातच.
अंगातून ताप उतरल्यावर जसं हातपाय मोकळे वाटतात, तसं वाटतंय.

१६ फेब्रु., सोम.
मि. आला. दारातच, "कळलं ना? ती म्हणाली मीच सांगणार."
"कळलं."
"तुला म्हणे वाटलं की..." हसायला लागला. माझा चेहरा बघून थांबला. पिशवी खाली ठेवली. "सॉरी, आई."
"मला कशाला. तिला म्हणालास ना?"
"म्हणालो."
मैसूरपाकाचा डबा आणलाय. ह्यांच्यापासून लपवून ठेवावा लागेल.

२२ फेब्रु., रवि.
तास. आज तिनं ‘मेक डू’ दिला. आहे त्यात भागवणं. मी म्हटलं, हे मला तीस दिवस तीनशे वाटांनी येतं, फक्त नाव माहीत नव्हतं. तीनशे का, विचारलं. म्हटलं, बोलण्याची पद्धत.
तास संपताना मि. खोलीतून बाहेर आला, माझ्या खांद्यामागून कॅमेऱ्यात डोकावला. दोघं एकमेकांना हाय म्हणाले. फार औपचारिक. पाहुण्यांसमोर नवरा-बायको बोलतात तसं. मी पाणी प्यायला म्हणून उठले. पाणी बराच वेळ प्याले.

८ मार्च, रवि.
ह्यांचे रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाले, उत्तम. फिरणं चालू ठेवा. निकाल लागल्यावर मुलं घरी पळत सुटतात तसे हे दवाखान्यातून बाहेर पडले, मला मागं टाकून. रस्त्यावरच मि.ला फोन. बापाला स्वतःच्या तब्येतीपेक्षा पोराला हे कळवायची जास्त घाई होती. का ते आम्हा दोघांनाही माहीत.

१९ मार्च, गुरु. पाडवा
इथली युगादी. अक्कांकडचा कडुनिंब-गुळाचा बेवु-बेल्ला, आमची कडुनिंबाची चटणी. कडू दोन्ही सारखंच. मि.नं बाल्कनीत गुढी उभारली, खालच्या मुलींनी वर बघून फोटो काढले.
जेवताना म्हणाला, ऑफिसनं विचारलंय. राहणार की परत जाणार, ते जूनच्या आत सांग.
"तू काय म्हणालास?"
"बायकोला विचारून सांगतो म्हणालो."
ह्यांनी पुरणपोळीवरून मान वर केली नाही. पण ऐकलं. आणखी एक पोळी मागितली, मी दिली नाही.

२८ मार्च, शनि.
हॅना आली. विमानतळावर मि. एकटाच गेला. आम्हीच म्हटलं, तू जा. गाडी फाटकात थांबली तेव्हा आम्ही दोघं पडद्याआड, लहान मुलांसारखे.
वाळलीय. डोळ्यांखाली काळं. वाकून नमस्कार करायला गेली, ह्यांनी अर्ध्यातच उठवली. मला मिठी. कानाशी म्हणाली, "आई, मी मराठीत बोलणार. तुम्ही हसणार नाही." हसले मी.
जेवायला वरण, भात, बटाट्याची भाजी. मि. तिला वाढत होता. तिला पाणी हवं का, पंखा वाढवू का, जेट लॅग आहे का, पडतेस का जरा. ती प्रत्येक वेळी थँक्यू. इतकं जपून चाललंय दोघांचं, नव्या काचेच्या भांड्यांशी वागावं तसं. बघवत नाही आणि बघितल्यावाचून राहवत नाही.
हे झोपताना म्हणाले, "बोलत का नाहीत दोघं?" म्हटलं, बोलतात की. "ते बोलणं नव्हे."

२९ मार्च, रवि.
रविवार. समोरासमोर बसून तास, पहिल्यांदाच. दोघींनाही काय बोलावं सुचेना. शेवटी फुलबाजारात गेलो, तिथं तिनं मराठीत भाव विचारला, बाईनं कानडीत सांगितला, मग दोघी हातवाऱ्यांवर आल्या. तिला मोगऱ्याचा गजरा मिळाला, किती पैसे जास्त गेले माहीत नाही. परत येताना माझा हात धरून चालत होती. एकदाच म्हणाली, "आई, मला भीती वाटते." कशाची, मी विचारलं नाही. मलाही वाटते, म्हटलं.

३१ मार्च, मंगळ.
सकाळपासून दोघं घरातच. मि.नं सुट्टी घेतलीय. दु. बाराच्या सुमाराला खोलीतून आवाज. आधी हळू, मग चढलेला, दोघांचाही.
ऐकायचं नव्हतं, ऐकू येत होतं. जून. तिच्या आईचा पाय. बाबांचं हार्ट. सहा महिने इथं, सहा महिने तिथं, आणि मग काम? "यू नेव्हर सेड." "वेल, आय अ‍ॅम सेइंग इट नाऊ." आणि मध्येच तिचं स्वच्छ मराठी, "थांब. मी बोलते आहे. मला संपवू दे."
तो थांबला. खरंच थांबला. मग ती बराच वेळ बोलत होती. मग तो. मग दोघं एकदम.
हे पेपर घेऊन हॉलमध्ये. चष्म्यावरून बघितलं.
"भांडतायत?"
"हो."
"जोरात?"
"चांगलंच."
पेपराचं पान उलटलं. बरंच हलकं झाल्यासारखे दिसले. मलाही, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्या घराची काळजी वाटली नाही. कुठलं घर, ते अजून ठरायचंय त्यांचं.
"मग इतक्यात काही ते बाहेर येत नाहीत," हे म्हणाले. "आपण घेऊ जेवून."
दोन ताटं घेतली. त्यांचा भात झाकून ठेवला, गार होऊ नये म्हणून. जेवून, मागचं आवरून आता हे लिहायला बसलेय. आत अजून चालूच आहे.